थर्मल नेमकं कोणतं घ्यावं? एक ट्रेकसाठी, एक नानांच्या रात्रीच्या पाण्यासाठी

अनेरकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातला आहे, नोकरी जळगावला. दोन वेगवेगळ्या कामांसाठी थर्मल, म्हणजे थंडीत आतून घालायचे गरम कपडे, घ्यायचेत आणि आठवडाभर मोबाईलवर बघून बघून डोकं पार पिकलंय म्हणून इथे टाकतोय, आधी कोणी विचारलं असेल तर सांगा, मला सापडलं नाही.

पहिलं काम ट्रेकचं. ऑफिसातले आम्ही पाच जण डिसेंबरअखेर केदारकंठाला चाललोय, उत्तराखंडात, सांकरी गावाहून चढायचं, टोक साडेबारा हजार फुटांवर. ट्रेकवाल्यांनी सामानाची यादी पाठवली त्यात 'थर्मल २ जोड' एवढंच लिहिलंय, कसले ते काही नाही. रात्री तंबूबाहेर उणे १० पर्यंत जातं म्हणे. आमच्या पाचातल्या एकानेही बर्फ पाहिलाय तो फक्त गोळ्याच्या गाडीवरचा.

दुसरं काम नानांचं. वडील, वय ६८. गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी भरायला रात्री शेतात जातात कारण आमच्या फिडरवर आठवड्यातले निम्मे दिवस मोटरला लागणारी थ्री फेज लाईट रात्री बारानंतरच येते. मोटरसायकलवर सहा किलोमीटर आणि मग चार-पाच तास ओल्या वाफ्यात उभं राहायचं. परवा पहाटे साडेपाचला आले तर बोटं वळेनात, गाडीची चावीसुद्धा काढता आली नाही, आईने बशीत चहा ओतून ओठाला लावला. अंगात काय होतं तर बनियन, दोन शर्ट, बिनबाह्याचा स्वेटर आणि कानाला मफलर. नवीन काही घेऊ म्हटलं की म्हणतात ६८ थंड्या काढल्या मी अशाच.

बाजारात एका दुकानात वरचं-खालचं मिळून ७०० ला सेट दाखवला, "आतून लोकर आहे साहेब" म्हणाला, घरी आणून लेबल वाचलं तर ६० टक्के कॉटन ४० टक्के पॉलिस्टर, लोकरीचं नावच नाही. ऑनलाईन मेरिनो म्हणून आहे त्याचं नुसतं वरचं साडेतीन हजाराला. एकावर लिहिलंय उणे २० पर्यंत चालेल. खरंच एवढा फरक असतो का, की नावाचे पैसे, आणि एकच चांगलं घेऊन मी आणि नाना दोघांनी आलटून पालटून वापरलं तर चालेल का, माप थोडं मोठं घ्यावं की घट्ट, स्वस्तातले दोन एकावर एक घातले तर? जाणकारांनी सांगा.

सातपुडा_भटक्या (धुळे)

भाऊ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, थर्मल म्हणजे हीटर नाही. गरमी तुझ्या अंगाचीच असते, थर्मलने ती धरून ठेवायची आणि त्याच्याहून मोठं काम म्हणजे घाम कातडीवरून उचलून बाहेर ढकलायचा. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणजे अंगाला ओलं कापड चिकटलं की वर कितीही जाड जॅकेट घाल, काही उपयोग नाही.

माझंच सांगतो. पहिल्यांदा केदारकंठाला गेलो तेव्हा थर्मल चांगलं पॉलिस्टरचं घेतलं होतं पण सवयीने आत कॉटनचं सँडो बनियन घातलं. जुडा का तालाबपर्यंत चढताना घामाने निथळलो, तिथे पोचून बॅग टाकली आणि दहा मिनिटात दात वाजायला लागले, बाकीचे फोटो काढत होते आणि मी तंबूत गुडघे पोटाशी घेऊन. बनियन काढून तंबूच्या दोरीवर टाकलं ते सकाळी पापडासारखं कडक, भिंतीला टेकवलं असतं तर उभं राहिलं असतं. तेव्हापासून चढणीच्या दिवशी कापूस अंगाला लागू देत नाही, बनियन नाही, चड्डीपण नाही. हसू नका, ओली चड्डी काय करते ते चार तास चालल्यावर समजतं.

आता कापडाचं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पितच नाही, लवकर वाळतं, स्वस्त, राकट, एकच खोट की दुसऱ्या दिवशी असा वास मारतं की तंबूतले मित्र तुला बाहेर झोपवतील. मेरिनो म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ओल आत जिरवते तरी हाताला ओली लागत नाही, आणि चार-चार दिवस घाल, वास नाही. पण महाग, नाजूक, आणि वाळायला पॉलिस्टरपेक्षा वेळ लागतो. पाच-सहा दिवसांच्या ट्रेकला चालायला एक पॉलिस्टरचं आणि झोपायला एक मेरिनोचं असं मी नेतो. बजेट नसेल तर दोन्ही पॉलिस्टर घे, जिवाला काही होत नाही.

जाडी जीएसएमवर बघायची, म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १५० च्या आसपास पातळ, २०० मधलं, २५० जाड. चालायला जाड घेऊ नकोस, घाम जास्त येईल. मॉलमध्ये ते एकदम पातळ मऊ 'गरम' कापड मिळतं त्याचं लेबल वाच, रेयॉन किंवा व्हिस्कोस बरंच असेल तर ते गावात, बसमध्ये, लग्नात घालायला मस्त, चढणीला नको कारण ते घाम पिऊन बसतं. आणि तो उणे २० चा आकडा विसर. तशी तापमानाची ठरलेली चाचणी स्लीपिंग बॅगांना असते, थर्मलवर छापलेलं तापमान म्हणजे छापणाऱ्याची मर्जी. त्याच थर्मलमध्ये चालणारा घामाघूम होईल आणि उभा राहणारा कुडकुडेल.

माप अंगालगत, पण काखेत आणि मांडीत काचेल असं नाही. ढगळ घेतलं तर घाम उचलणार कसं, कापड कातडीला लागलंच पाहिजे. मी नाशिकला डेकॅथलॉनात जाऊन घालून बघून घेतो, ऑनलाईनला दोनदा फसलोय.

गिरणाथडी

भो, दोन पेग मारा, थंडी कथी पयी जास समजस बी नही 😄 आणि नानांना कानटोपी घ्या चांगली, अर्धी गरमी डोक्यातूनच जाते असं म्हणतात.

माजी_फौजी (साक्री)

पेगवाल्या भाऊंना हात जोडून सांगतो, हे गंमतीतपण लिहू नका, कोणीतरी करून बसतं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम वाटतं आणि आतली खरी गरमी बाहेर निघून जाते. आणि डोक्यातून अर्धी गरमी जाते हेपण खरं नाही, डोकं म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा, उघडा हिस्सा जेवढा तेवढी गरमी जाईल. कानटोपी घालाच, पण ती घातली म्हणून बाकीचं झालं असं नको.

अनेरकाठ भाऊ, मी तीन थंड्या लडाखला काढल्यात. तिथे पहिल्याच आठवड्यात उस्तादाने शिकवलं ते एवढंच, घाम येऊ द्यायचा नाही. चालायला निघताना जरा कुडकुडतच निघायचं. निघतानाच ऊबदार वाटलं म्हणजे जास्त घातलंय, दहा मिनिटात अंग तापतं मग वरचा एक थर काढून पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या बॅगेत, टाकायचा आणि थांबलं की लगेच, म्हणजे पाणी प्यायच्याही आधी, परत चढवायचा. नवीन पोरं उलटं करतात, सगळं चढवून निघतात आणि थांबल्यावर गरम होतंय म्हणून सगळं उघडं टाकतात.

झोपायचा जोड वेगळा. तो चालताना अंगाला लावायचाच नाही, कितीही मोह झाला तरी, पिशवीत बांधून ठेवायचा. दिवसभराच्या कपड्यात झोपलात तर रात्री दोनला उठून बसाल. आणि मोज्यांवर मोजे घालून बूट घट्ट करू नका, रक्त फिरत नाही आणि बोटं आधी जातात. बोट पांढरं पडलं, बधिर झालं तर चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात नाही, काखेत धरून हळूहळू गरम करायचं आणि ट्रेकच्या लीडरला लगेच सांगायचं, लपवायचं नाही.

भटक्या भाऊंनी लोकरीचं लिहिलं ते वाचून मला आमचा मेंढ्यांचा वाडा आठवला. आम्ही ठेलारी, बाबांनी आयुष्यभर मेंढ्या चारल्या, वर्षातले आठ महिने उघड्यावर. बाबांकडे एकच घोंगडी. पाऊस आला की डोक्यावरून खोळ करून घ्यायची, वरून पाणी निथळून जायचं, आत भिजली तरी ऊब सोडायची नाही. मी लहान असताना रात्री त्या घोंगडीत झोपायचो, टोचायची एवढी की सकाळी गालावर लाल रेघा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड म्हणून टोचते, मेरिनोची बारीक म्हणून टोचत नाही, एवढाच काय तो साडेतीन हजाराचा फरक. लडाखला पहिल्यांदा लोकरीचं इनर मिळालं तेव्हा नाकाला लावून बघितलं, ओलं केल्यावर वास तोच, मेंढीचा.

फुले_मार्केटवाला (जळगाव)

नमस्कार, होजिअरीचा धंदा आहे, वीस वर्षं झाली. मी काही इथे माल विकायला आलो नाही पण दुकानदारावर आलंय म्हणून दोन शब्द.

"आतून लोकर" हे गिऱ्हाईकाला समजावं म्हणून बोलतात, खोटंच आहे ते, मी नाही बोलत. कापड आतून ब्रश मारून लव काढलेली असते, त्या लवेत हवा अडकते म्हणून ऊबदार लागतं. कॉटनमध्येपण निघते, पॉलिस्टरमध्येपण. खात्री करायची असेल तर शिवणीतून एक दोरा ओढा आणि घरी आणल्यावर काडीपेटीवर धरा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि काळी भुसभुशीत राख होते, कॉटन कागदासारखं जळतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मात्र चिमट्यात धरा, बोटात नको, वितळलेला थेंब चिकटतो.

पण भाऊ त्या ७०० च्या सेटला एवढं खाली पाडू नका. आमच्याकडे थर्मलचं गिऱ्हाईक कोण आहे, पहाटे दूध घालणारे, पेपरवाले, रात्रपाळीचे वॉचमन, म्हातारी माणसं, लहान पोरं. यातलं कोणी डोंगर चढत नाही. बसून, उभं राहून थंडी खाणाऱ्या माणसाला घामाचा प्रश्न येतच नाही, त्याला कॉटन मिक्स मऊ लागतं, खाज येत नाही, धुवायला सोपं जातं. लक्सचं कॉट्सवूल, रुपाचं थर्मोकॉट, डॉलरचं अल्ट्रा असे सगळे त्याच गिऱ्हाईकासाठी आहेत. मी स्वतः दुकानात कॉटन मिक्सच घालून बसतो.

घेताना बघायचं ते सांगतो. माप सेंटीमीटरमध्ये असतं, ९० म्हणजे छाती ९० सेंमी, लोक कंबरेचं समजून घेतात आणि मग भांडतात. आतली वस्तू परत होत नाही हे आधी लक्षात घ्या. मनगटाची आणि घोट्याची रिब ओढून सोडा, लगेच जागेवर यायला पाहिजे, नाही आली तर दोन धुण्यांत बाही लोंबेल. शिवण चपटी पाहिजे, खांद्यावर जाड शिवण असेल तर बॅगच्या पट्ट्याखाली सोलवटतं. पायजम्याला मांड्यांच्या मध्ये वेगळा तुकडा लावलेला असेल तर बसताना उसवत नाही. आणि एकावर एक दोन घालणार असाल तर वरचा एक माप मोठा घ्या, दोन्ही सारखे घेतले की मधली हवा दाबली जाते आणि हवाच तर ऊब धरते.

संक्रांत झाली की भाव खाली येतात, घाई नसेल तर तेव्हा.

वर्षा_धुळे

इथे सगळे पुरुषच बोलतायत म्हणून बायकांच्या बाजूने लिहिते, पाच जणांत कोणी मुलगी असेल तर उपयोग होईल. कॉटन लागू द्यायचं नाही ते ब्रेसियरलापण लागू आहे आणि हे कोणीच सांगत नाही. आमचा सायकलचा ग्रुप आहे, मागच्या जानेवारीत शहाद्याहून तोरणमाळ केलं. पहाटे सहाला निघालो, घाट लागला तसा घाम फुटला, वर यशवंत तलावाजवळ पोचेपर्यंत बाकी सगळं वाळलं पण पट्टीखालची ओल तशीच, छातीवर थंडगार फडकं ठेवल्यासारखी. आता स्पोर्ट्स ब्रा वापरते, पॉलिस्टरची, आणि एक कोरडी जास्तीची बॅगेत. थर्मल वरचं-खालचं वेगळंच घ्या, अखंड सूट नको, बर्फात बाथरूमला जायचं म्हणजे सगळं उतरवावं लागतं. आणि लांबी बघा, बायकांचे बरेच थर्मल कमरेला आखूड असतात, वाकलं की पाठ उघडी.

खरी मजा उतारावर आली. चढताना घामाघूम झालेली मी उतरताना एवढी गारठले की ब्रेक दाबायला बोटं नाहीत. थर्मलमधून वारा आरपार जातो हो! नुसतं थर्मल आणि स्वेटर घालून गाडी चालवणं म्हणजे चाळणीत पाणी. वर वारा अडवणारं काहीतरी पाहिजे, साधं विंडचिटर का असेना. अनेरकाठ दादा, तुमच्या नानांचं अर्धं दुखणं मला तिथे दिसतंय. पारा ५ वर असेल आणि गाडी चाळीसच्या स्पीडला, तर उघड्या कातडीला साधारण उणे १ सारखं लागतं. आमच्या धुळ्यात ५-६ म्हणजे काही नवल नाही, कृषी महाविद्यालयाचा आकडा रोज पेपरात येतोच.

केळीवाला (रावेर)

सगळ्यांनी बरोबर सांगितलं पण एक राहिलं. शेकोटी.

भो आम्ही थंडीत केळीच्या बागेला धूर करतो, पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, म्हणून बांधाबांधाला काडीकचरा पेटवून रात्र काढायची. गेल्या साली माझा पुतण्या नवंकोरं पॉलिस्टरचं थर्मल आणि वरून तसलंच चकचकीत जॅकेट घालून आला, जाळ सारायला वाकला आणि ठिणगी उडाली. जॅकेटला भोक, आतल्या थर्मललापण भोक, आणि ते वितळलेलं प्लास्टिक मनगटावर चिकटलं ते निघेना, ओढलं तर कातडीसकट. अजून डाग आहे. कॉटन जळतं पण चिकटत नाही, लोकर तर पेट धरायलाच कुरकुर करते. त्यामुळे नाना पाणी भरता भरता बांधावर शेकोटी करत असतील, आणि करतच असतील, तर नुसत्या पॉलिस्टरमध्ये त्यांना पाठवू नका.

आणि जानेवारीत या इकडे, भरिताची पार्टी करू, बामणोदची वांगी आणि कळण्याची भाकर. थर्मलची गरज पडणार नाही.

अनेरकाठ (चोपडा)

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

तुमचं वाचून काल रविवारी घरीच प्रयोग केला. तो ७०० वाला वरचा भाग आणि मित्राचं पॉलिस्टरचं थर्मल, दोन्ही आईच्या किचनच्या काट्यावर तोलले, मग बादलीत बुडवून सारखंच दोन्ही हातांनी पिळून परत तोलले. कॉटनवालं २३५ ग्रॅमचं ४६० झालं, पॉलिस्टरवालं १७० चं २३५. म्हणजे पिळूनसुद्धा कॉटनमध्ये पाव लिटरला थोडंच कमी पाणी! गच्चीवर सावलीत दोरीवर टाकले, पॉलिस्टर दोन तासात वाळलं, कॉटन संध्याकाळी पाचला खाली घेतलं तरी काखेत आणि बाहीच्या रिबमध्ये दमटच. आई म्हणाली हेच करायला शिकवलं का तुला. मग दोऱ्याला काडी लावून पाहिली, मार्केटवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच, अर्धी राख आणि अर्धा मणी. मिक्स आहे हे लेबलाने खरं सांगितलं होतं, तोंडाने खोटं.

तर ट्रेकसाठी ठरलं, चालायला पातळ पॉलिस्टर आणि झोपायला जाड पॉलिस्टर, मेरिनो पुढच्या वर्षी बोनस आला तर. नानांचं मात्र अजून सुटत नाही. ते गाडीवर वारा खातात, मग पाण्यात उभे, मधेच फावड्याने बांध फोडताना घामपण येतो आणि शेकोटीपण करतात, म्हणजे सगळ्यांनी सांगितलेलं सगळंच एका माणसात. काय करू?

सातपुडा_भटक्या (धुळे)

नानांना आत तुझं तेच कॉटन मिक्स दे, फावडं मारायच्या आधी वरचं एक काढायची सवय लाव आणि पिशवीत एक कोरडा सदरा ठेव, काम झालं की बांधावरच बदलायचा. ओला काढून कोरडा घालायला दोन मिनिटं लागतात आणि त्याने जे होतं ते कुठल्याच महागड्या थर्मलने होत नाही. गाडीसाठी वर रेक्झिनचं नाहीतर साधं विंडचिटर, शेकोटीजवळ ते काढून ठेवायचं.

माजी_फौजी (साक्री)

मी म्हणेन लोकर. मेरिनो नको, आतून कॉटन मिक्स आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा खऱ्या लोकरीचा स्वेटर, बिनबाह्याचा नाही. हातापायांची बोटं का गारठतात तर अंगाचं धड गार पडलं की शरीर आधी काळीज सांभाळतं आणि बोटांचं रक्त कमी करतं. धड आणि दंड गरम ठेवा, बोटं आपोआप चालतील. पायात गमबूट आणि आत लोकरीचा एकच मोजा, गमबूट एक नंबर मोठा. भिजलेला मोजा बदलायला दुसरा खिशात. आणि ६८ वय आहे, थंडीत बीपी वाढतं, तेही एकदा तपासून घ्या. शक्य असेल तर रात्री एकटं पाठवू नका, हे थर्मलपेक्षा आधी.

फुले_मार्केटवाला (जळगाव)

फौजी साहेबांशी सहमत. मात्र भटक्या भाऊ, रेक्झिन नको, आत घाम धरतं, पाठ ओलीचिंब होते. नायलॉनचं विंडचिटर बरं. नानांसाठी थर्मल व्ही गळ्याचं घ्या, शर्टाच्या कॉलरमधून दिसत नाही, म्हातारी माणसं याच एका गोष्टीवर अडतात.

अनेरकाठ (चोपडा)

दहा दिवसांनी लिहितोय. स्वेटर घेतला, गमबूट घेतले, विंडचिटर घेतलं, मीपण दोन रात्री सोबत गेलो. (दुसऱ्या रात्री मोटरच जळाली तो भाग वेगळा.) व्ही गळ्याचं वरचं थर्मल नानांनी गुपचूप घातलं, काही बोलले नाहीत, आता अंघोळीनंतर स्वतःच मागतात. पण खालचं घालायला तयार नाहीत. पायजम्याखाली घाला म्हटलं तर हातात धरून उलटंसुलटं केलं आणि म्हणाले हे तर पोरींचं लेगिन आहे, गावातल्या कोणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आता रात्री एक वाजता हरभऱ्यात त्यांना कोण बघायला येणार!

वर्षा_धुळे

😂 त्यांना सांगा, बॉर्डरवर सगळे हेच घालतात.

माजी_फौजी (साक्री)

सांगून नाही ऐकणार. मेसेजमध्ये फोटो पाठवतो, माझा आणि आमच्या पलटणीतल्या चौघांचा, बराकीत चहा पिताना, पाचही जण खाली नुसत्या थर्मलवर आहोत आणि प्रत्येकाच्या मिशा नानांपेक्षा मोठ्या असतील. इकडे टाकू नका फक्त.

अनेरकाठ (चोपडा)

दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला, यातला आपल्याकडचा कोणता विचारलं, मी दाखवला. ठेलारी शे का, म्हणाले. काल रात्री घालून गेले. पण धुतलेलं मागच्या परसात वाळत घालायचं, पुढच्या दोरीवर नाही, अशी आईला ताकीद आहे.

फुले_मार्केटवाला (जळगाव)

सावलीतच घालू द्या, चांगलंच आहे. आणि लोकरीचा स्वेटर गार पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून वाळवा, दोरीवर टांगला तर नानांच्या गुडघ्यापर्यंत येईल.